एकूण की एकुण? व्हेरिएबलचं नाव, जाहीर करणं आणि दूध बिलाचा प्रोग्राम

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.सी.एस.च्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो. यंदा छोट्या प्रोजेक्टसाठी विषय दिला: दूध संकलन केंद्राचं दहा दिवसांचं बिल. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरून डेअरीला दूध जातं. फॅट, डिग्री (लॅक्टोमीटरवरचा आकडा), एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), उचल (आगाऊ घेतलेले पैसे), पशुखाद्याची कपात हे शब्द त्यांना मी समजावायची गरज नाही, उलट तेच मला समजावतात. भाषा पायथन.

एका गटाने व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवायच्या नावांची, नावं थेट देवनागरीत दिली. पायथन ३ मध्ये हे २००८ पासून चालतं: कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द) इंग्रजी, बाकी नावं आपल्या लिपीत. मला आनंदच झाला, कारण कोड वाचताना पोरं अडखळत नव्हती. प्रोग्राम बिनतक्रार चालला, एकही एरर नाही, आणि प्रत्येक सभासदाचं बिल शून्य रुपये आलं.

लूपच्या (प्रत्येक नोंदीसाठी तेच काम पुन्हा करणाऱ्या भागाच्या) आधी होतं:

एकूण = ०

आणि लूपच्या आत:

रक्कम = लिटर * दर
एकुण = एकूण + रक्कम

पहिल्या 'एकूण'मध्ये दीर्घ ऊ, लूपमधल्या डावीकडच्या 'एकुण'मध्ये ऱ्हस्व. पायथनने तक्रार केली नाही. त्याच्या दृष्टीने 'एकुण' हे नवं व्हेरिएबल, ते त्याने तिथल्या तिथे तयार केलं. मूळ 'एकूण' शेवटपर्यंत शून्यच राहिलं.

स्टाफरूममध्ये यावर दोन मतं निघाली. एक: मराठी नावांना बंदी घाला. दुसरं: आधी सी शिकवा, तिथे व्हेरिएबल जाहीर केल्याशिवाय, म्हणजे त्याचं नाव आणि प्रकार आधी सांगितल्याशिवाय, कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) पुढे जाऊच देत नाही. मला पहिलं मत पटत नाही. दोष लिपीचा नाही. जिथे पहिल्यांदा लिहिलं तिथेच नाव जन्माला येतं, हा त्या भाषेचा नियम आहे, आणि त्या नियमासोबत कसं जगायचं हे आपण मुलांना शिकवत नाही. दुसऱ्या मताबद्दल मात्र मी विचारात आहे. इथे वेगवेगळ्या भाषांत काम केलेले लोक आहेत, म्हणून धागा काढला.

अर्धविराम

फार चांगला विषय, सर. मी पुण्यात जावास्क्रिप्टवर काम करते. आमच्याकडे हाच खड्डा १९९५ पासून होता. जाहीर न केलेल्या नावाला किंमत दिली की जावास्क्रिप्ट गुपचूप ग्लोबल (सगळीकडून दिसणारं) व्हेरिएबल बनवायची, म्हणजे पायथनपेक्षाही वाईट. फंक्शनच्या आत झालेली चूक साऱ्या पानभर पसरायची. २००९ मध्ये स्ट्रिक्ट मोड आला आणि अशी ओळ एरर देऊ लागली. २०१५ मध्ये जाहीर करायचे नवे शब्द 'लेट' आणि 'कॉन्स्ट' आले, तेव्हापासून जुना 'व्हार' लिहायचं कारणच उरलेलं नाही.

तुमच्या मुलांना आजच सांगता येईल अशी एक गोष्ट. बेरीज करत जायची असेल तेव्हा 'एकूण = एकूण + रक्कम' असं न लिहिता अधिक-बरोबरचं चिन्ह वापरा:

एकुण += रक्कम

ही ओळ आधी 'एकुण' वाचायला जाते, मग त्यात लिहिते. ते नाव अस्तित्वातच नसल्यामुळे पायथन तिथेच थांबतो आणि नेम एरर देतो. न जन्मलेल्या नावात लिहिता येतं, पण ते वाचता येत नाही. एवढं कळलं तर अशा बऱ्याच चुका जागच्या जागी सापडतील.

पंचकार्ड

अर्धविरामताई, हा खड्डा १९९५ पेक्षा बराच जुना आहे. मी निवृत्त आहे, उमेदीची वर्षं फोरट्रानमध्ये गेली.

फोरट्रान आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये आणली, आयबीएम ७०४ या यंत्रासाठी. पहिल्या आवृत्तीत व्हेरिएबलचा प्रकार सांगायची सोयच नव्हती. नावाचं पहिलं अक्षर आय ते एन यांपैकी असेल तर पूर्णांक, नाहीतर अपूर्णांकी संख्या. नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचं. आज सगळे लूपमध्ये आय, जे, के वापरतात. ती पद्धत गणितातून आली, पण प्रोग्रामिंगमध्ये तिला बळ दिलं ते या नियमाने.

आता त्यातला धोका बघा. जुन्या फोरट्रानमध्ये ओळीतल्या मोकळ्या जागांना काही अर्थ नसे. लूप असा लिहायचा:

डू १० आय = १,१०

म्हणजे आयची किंमत १ पासून १० पर्यंत नेत १० नंबरच्या ओळीपर्यंतचं काम करत राहा. यात स्वल्पविरामाच्या जागी ठिपका पडला तर:

डू १० आय = १.१०

कंपायलर मोकळ्या जागा काढून टाकतो, उरतं 'डू१०आय' नावाचं व्हेरिएबल आणि त्याची किंमत एक पूर्णांक दहा शतांश. पहिलं अक्षर डी, म्हणून अपूर्णांकी. सगळं नियमात बसतं, एरर नाही. लूप मात्र नाहीसा झाला, आतलं काम एकदाच होणार. जाहीर केलेलं नसेल ते नाव चालणारच नाही, एवढा एक नियम असता तर हा ठिपका जागेवरच पकडला गेला असता.

१९६२ मध्ये मरीनर-१ हे शुक्राकडे निघालेलं यान याच ठिपक्यामुळे गेलं असं पुष्कळ ठिकाणी छापलं जातं. ते बरोबर नाही. मरीनर-१ चा घोळ मार्गदर्शनाच्या समीकरणातल्या एका अक्षरावरची आडवी रेघ उतरवताना सुटली, त्याचा होता. ठिपक्याची गोष्ट वेगळी आहे आणि भाषेचा दोष म्हणून ती स्वतःच्या बळावर पुरेशी मोठी आहे.

फोरट्रान ९० मध्ये 'इम्प्लिसिट नन' ही ओळ प्रमाणभूत झाली. ती सुरुवातीला लिहिली की प्रत्येक नाव जाहीर करावंच लागतं. मी हाताखालच्या मुलांना ती ओळ नसलेला प्रोग्राम तपासायला आणू देत नसे.

अर्धविराम

पंचकार्ड काका, म्हणजे फोरट्रानला 'इम्प्लिसिट नन', व्हिज्युअल बेसिकला 'ऑप्शन एक्स्प्लिसिट', पर्ल आणि जावास्क्रिप्टला 'यूज स्ट्रिक्ट'. ज्या भाषा मोकळ्या सुरू झाल्या त्या सगळ्यांना पुढे 'आता सांगूनच वापरा' अशी एक ओळ जोडावी लागली.

मुळशीकर

मराठी नावांवर बंदी घालणाऱ्यांना एक विचारतो. इंग्रजी अक्षरांत मराठी नावं लिहिली की प्रश्न सुटतो का? मी एका सहकारी संस्थेचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळतो. त्यात 'वजन' कुठे व्ही लावून आहे, कुठे डब्ल्यू लावून. 'हिशेब' आणि 'हिशोब' दोन्ही आहेत, आणि 'शिल्लक' एका एलने आणि दोन एलनेही. देवनागरीत निदान शुद्धलेखनाचा एक नियम तरी आहे, रोमनमध्ये प्रत्येकाचा आपापला.

देवनागरीचे स्वतःचे त्रास मात्र आहेत, ते मुलांना आधीच सांगून ठेवा.

पहिला 'ऱ्या'चा. 'शेतकऱ्याचे_नाव' यातला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलंत लावतात. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारा जोडचिन्हाचा कोड असतो, जुने कीबोर्ड सर्रास असं करत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथनला ते न दिसणारं चिन्ह नावात चालत नाही, तो सिंटॅक्स एरर देतो, आणि मूल बिचारं ओळीकडे बघत बसतं कारण डोळ्यांना काहीच चुकलेलं दिसत नाही. जावास्क्रिप्टला ते चालतं, हे जास्त धोक्याचं: दिसायला एक आणि आतून दोन वेगळी नावं.

दुसरा अंकांचा. नावाच्या मध्ये किंवा शेवटी देवनागरी अंक चालतो, 'दर_२' हे पायथनमध्ये रीतसर नाव आहे. पण किंमत म्हणून कोडमध्ये २ देवनागरीत लिहिला तर चालत नाही. (सरांनी वर 'एकूण = ०' लिहिलंय ते इथल्या वाचकांसाठी, कोडमध्ये तो शून्य इंग्रजी.) गंमत म्हणजे वापरणाऱ्याने '१२' असं देवनागरीत टाइप केलं आणि ते तुम्ही पूर्णांक करून देणाऱ्या इंट फंक्शनला दिलं, तर पायथन त्याचे बरोबर बारा करतो.

तिसरा, आपल्याकडे कॅपिटल-स्मॉल नाही. पायथनमध्ये बदलू नये अशा किमतींची नावं सगळी कॅपिटलमध्ये लिहायचा संकेत आहे, तो देवनागरीत पाळता येत नाही. गो भाषेत तर हा नुसता संकेत नाही, नियम आहे. पॅकेजबाहेर (कोडच्या त्या गठ्ठ्याबाहेर) दिसायचं असेल तर नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं. म्हणजे देवनागरीने सुरू होणारं नाव गोमध्ये पॅकेजबाहेर पाठवताच येत नाही.

रानजाई

+१ मुळशीकर. त्या न दिसणाऱ्या चिन्हाबद्दल पहिल्यांदाच नीट कळलं.

निशिगंध

मी बी.सी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे (सरांच्या कॉलेजात नाही). आम्हाला पहिल्या वर्षी सी होतं, लॅबमध्ये अजून टर्बो सी आहे. तिथे कळलं की जाहीर केलं म्हणजे सगळं सुरक्षित असं नसतं. पैसे पैशांत मोजायचे म्हणून मैत्रिणीने 'इंट एकूण' (इंट म्हणजे पूर्णांक) जाहीर केलं होतं. बिल तीनशे सत्तावीस रुपयांपर्यंत बरोबर यायचं, त्यापुढे एकदम उणे. असं का?

अजून एक. पुस्तकात लिहिलंय की व्हेरिएबल म्हणजे डबा, त्यात किंमत ठेवायची. पायथनमध्ये मी 'कालची_यादी = आजची_यादी' केलं, मग आजच्या यादीत एक नाव वाढवलं तर कालच्या यादीतही वाढलं. दोन डबे असतील तर असं कसं होईल?

सह्यकडा

निशिगंध, दोन्ही प्रश्न नेमके आहेत, सावकाश उत्तर देतो.

टर्बो सीमध्ये इंट दोन बाइटचा, म्हणजे १६ बिटचा. त्यात उणे ३२७६८ ते ३२७६७ एवढेच आकडे मावतात. ३२७६७ पैसे म्हणजे ३२७ रुपये ६७ पैसे. त्यात एक पैसा वाढला की आकडा गोल फिरून दुसऱ्या टोकाला, उणे ३२७६८ वर जातो. आजच्या नेहमीच्या कंपायलरमध्ये इंट चार बाइटचा असतो, तिथे मर्यादा २,१४,७४,८३,६४७. पैशांत मोजलं तर हे दोन कोटी चौदा लाख रुपयांच्या थोडं वर. गावच्या केंद्राला पुरेल, पण तालुका संघाच्या वर्षाच्या उलाढालीला नाही. 'इंट' लिहिताना किती मोठा आकडा येणार हे तुम्ही ठरवत असता. ते मनात ठरवलेलं नसेल तर इंट लिहिलंय एवढ्याने काही वाचत नाही.

हाच ३२७६७ चा उंबरठा ४ जून १९९६ रोजी एरियान-५ च्या पहिल्या उड्डाणाला नडला. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान-४ वरून घेतलं होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटची अपूर्णांकी किंमत १६ बिटच्या पूर्णांकात घातली जात होती. एरियान-४ चा वेग कमी, तिथे ती मावायची. एरियान-५ मध्ये मावली नाही. यंत्रणा बंद पडली आणि उड्डाणानंतर जेमतेम ४० सेकंदांत रॉकेट फुटलं. चौकशीत असं निघालं की अशी धोक्याची सात व्हेरिएबल ओळखली गेली होती. चारांना संरक्षण दिलं, तिघांना प्रोसेसरवरचा भार वाढू नये म्हणून दिलं नाही. भाषा एडा होती, जिथे सगळं काटेकोर जाहीर करावं लागतं.

आता डबा. सीमध्ये ती कल्पना बऱ्यापैकी खरी आहे. 'इंट अ' म्हटलं की मेमरीत चार बाइटची जागा राखली जाते, 'ब = अ' म्हटलं की आतला आकडा दुसऱ्या जागेत नकलून घेतला जातो. पायथनमध्ये नाव ही जागा नाही. यादी एक वस्तू म्हणून मेमरीत असते आणि नाव तिच्याकडे बोट दाखवतं. 'कालची_यादी = आजची_यादी' या ओळीने नवी यादी तयार होत नाही, दुसरं नाव त्याच यादीकडे बोट दाखवू लागतं. वेगळी प्रत हवी असेल तर कॉपी करून घ्यावी लागते. आकड्यांच्या बाबतीत हे जाणवत नाही, कारण आकडा जागेवर बदलता येत नाही, प्रत्येक बेरजेतून नवा आकडा तयार होतो.

जावास्क्रिप्टच्या 'कॉन्स्ट'चा गोंधळही यातलाच. 'कॉन्स्ट' म्हटलं म्हणजे ते नाव दुसऱ्या वस्तूकडे वळवता येणार नाही एवढंच. वस्तूच्या आतलं बदलता येतं.

निशिगंध

आता समजलं, दादा. कोणी असं सांगितलंच नव्हतं. धन्यवाद.

फोंड्याची_माया

सरांच्या मुलांच्या कोडमध्ये मला एकुण-एकूणपेक्षा दुसरी ओळ जास्त खटकते.

रक्कम = लिटर * दर

दर कशाचा? लिटरचा की किलोचा? काही ठिकाणी दूध मापून घेतात, काही ठिकाणी वजनकाट्यावर. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. काटा किलो दाखवत असेल आणि दर लिटरचा असेल, तर शंभर लिटरमागे तीन लिटरचा फरक. प्रोग्राम कधीच एरर देणार नाही, कारण आकड्याला आकड्याने गुणलंय. प्रकार बरोबर, अर्थ चूक.

१९९९ च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळावर पोचताना हरवलं, त्यामागे नेमकं हेच होतं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर थ्रस्टरच्या रेट्याचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं, पुढचं सॉफ्टवेअर ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होतं. दोन्हींत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. यान ठरल्यापेक्षा खूप खालून मंगळाच्या वातावरणात शिरलं.

म्हणून माझा आग्रह असा की जिथे एकक आहे तिथे एकक नावातच घाला. 'दूध_लिटर', 'दर_रुपये_प्रति_लिटर', 'उचल_पैसे'. लांब दिसेल, दिसू दे. मग ओळ अशी होते:

रक्कम = दूध_किलो * दर_रुपये_प्रति_लिटर

आणि चूक वाचतानाच डोळ्यांत भरते. कंपायलरला जे कळत नाही ते नावाने सांगायचं.

दुसरं, एसएनएफचं सूत्र मुलांनी कसं लिहिलंय, सर?

कृष्णाकाठ

मायाताई, त्यांनी असं लिहिलंय:

एसएनएफ = डिग्री / ४ + ०.२ * फॅट + ०.३६

फोंड्याची_माया

तेच वाटलं. तो ०.३६ उघडा ठेवू नका. तो शेवटचा आकडा लॅक्टोमीटरच्या प्रकारानुसार वेगळा घेतला जातो, संस्थांमध्येही फरक असतो. त्याला नाव द्या, 'लॅक्टोमीटर_दुरुस्ती' असं काही, आणि फाइलच्या अगदी वर ठेवा. उद्या दुसऱ्या केंद्राला प्रोग्राम दिला तर बदलायची जागा एकच राहील. आणि मुख्य म्हणजे तो आकडा कुठून आला हा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल. उघड्या आकड्याला कोणी काही विचारत नाही.

गावकामगार

मी महसूल खात्यात होतो, प्रोग्रामर नाही, पण या विषयावर सांगण्यासारखं आहे. सगळे आकडे म्हणजे संख्या नव्हेत. सातबाऱ्यावरचा गट नंबर '१२/३' असतो, '१२/३/अ' असतो. एक्सेलमध्ये १२/३ टाइप केलं की त्याची तारीख होते. आम्ही रकान्याचा प्रकार आधी टेक्स्ट करून ठेवायचो. तो विसरला की गावच्या गाव तारखांत जायचं.

सह्यकडा

गावकामगार साहेब, तुम्ही 'प्रोग्रामर नाही' म्हणालात, पण रकान्याचा प्रकार आधी टेक्स्ट करणं म्हणजेच व्हेरिएबल जाहीर करणं. तुम्ही सांगितलं नाहीत तर एक्सेल अंदाज करतं. याच अंदाजामुळे २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने काही जनुकांची नावंच बदलली. 'मार्च१' नावाच्या जनुकाची एक्सेल १ मार्च ही तारीख करायचं.

दूध बिलातही हे येतं. सभासद क्रमांक '०१०' असेल तर तो स्ट्रिंग (नुसता मजकूर) ठेवा. संख्या केली की पुढचा शून्य जातो, आणि सीमध्ये कोडमध्येच ०१० लिहिलं तर तो अष्टमान धरला जातो, त्याची किंमत आठ होते. मोबाइल नंबर, पिनकोड, बँक खात्याचा नंबर, यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. ज्याची बेरीज होत नाही ती स्ट्रिंग, असं मी नव्या मुलांना सांगतो.

पैशांच्या बाबतीत उलट काळजी. अपूर्णांकी प्रकारात ०.१ अधिक ०.२ केलं की पायथन ०.३०००००००००००००००४ दाखवतो, कारण दशमान ०.१ द्विमानात नेमका लिहिता येत नाही. एका बिलात दिसणार नाही, पण शेवटी वहीशी ताळा करताना पैसा-दोन पैसे जुळत नाहीत आणि केंद्रचालक त्यावर रात्र घालवतो. साठवायचे ते पैसे पूर्णांकात ठेवा, किंवा पायथनचा डेसिमल प्रकार वापरा.

पंचकार्ड

मायाताईंचं म्हणणं बहुतांशी मान्य. पण लांब नावांचा अतिरेकही पाहिलाय. तीन ओळींच्या लूपमध्ये 'सध्याच्या_सभासदाचा_अनुक्रमांक' असं लिहिलेलं असलं की गणित दिसेनासं होतं. तिथे 'आय' पुरेसा आहे. नाव जिथे जाहीर झालं आणि जिथे वापरलं त्या दोन ठिकाणांमध्ये जितकं अंतर, तितकं नाव बोलकं हवं. गो भाषेची मंडळीही हाच संकेत पाळतात.

म्हणूनच सीमध्ये १९९९ च्या प्रमाणानंतर ब्लॉकच्या मध्येही जाहीर करायची सोय झाली ती मला फार मोलाची वाटते. त्याआधी सगळी नावं ब्लॉकच्या डोक्यावर एका ढिगात लिहायची आणि मग शंभर ओळी खाली वापरायची. वाचणाऱ्याला सतत वर-खाली करावं लागे. टर्बो सी त्याआधीचा. त्यामुळे आजही अनेक मुलं 'आधी सगळी व्हेरिएबल वर लिहा' हा नियम पायथनमध्येसुद्धा पाळतात. गरज पडेल तिथे, किंमत हातात असताना जाहीर करा. किंमत नसताना नाव जाहीर केलं की सीमध्ये त्या जागेत मेमरीतला कचरा असतो. जावा अशा लोकल व्हेरिएबलचा वापर कंपाइलच होऊ देत नाही, हे त्यांनी फार चांगलं केलं.

अर्धविराम

हो-नाही प्रकारच्या व्हेरिएबलबद्दल एक. ती प्रश्नासारखी ठेवा आणि सकारार्थी ठेवा. 'बिल_दिले_का' चांगलं. 'बिल_बाकी_नाही' असं ठेवलं तर 'बिल_बाकी_नाही नसेल तर' असं काहीतरी वाचावं लागतं आणि मेंदू थांबतो. आणि 'स्थिती', 'फ्लॅग', 'डेटा', 'माहिती' ही नावं शक्य तितकी टाळा. प्रोग्राममध्ये असलेलं सगळंच माहिती असतं.

मुळशीकर

यात भर. अर्थ बदलला की नावही बदला. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'कमिशन' नावाच्या व्हेरिएबलमध्ये आज वाहतूक कपात साठवली जाते. तेव्हा घाईत कोणीतरी रिकामं दिसलं ते वापरलं. आता प्रत्येक नव्या माणसाला हे तोंडी सांगावं लागतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वर्गात हा धागा मोठ्या पडद्यावर वाचला. मी जे ठरवलंय ते लिहितो, कुणाला खटकलं तर जरूर सांगा.

देवनागरी नावं चालू ठेवतो. अट एवढीच की प्रोजेक्टच्या सुरुवातीला गटाने नावांचा तक्ता करायचा: नाव, प्रकार, एकक, कुठून कुठपर्यंत वापरणार. पायथन मागत नसला तरी मी मागणार. तक्त्यात नसलेलं नाव कोडमध्ये दिसलं तर ते टायपिंगची चूक समजायची. जाहीर करण्याची खरी किंमत मला इथे दिसते. कंपायलरने अडवलं म्हणून नव्हे, तर नाव जन्माला घालताना ते काय आहे हे एकदा माणसाने स्वतः उच्चारलेलं असतं. जोडीला फंक्शनच्या आत लिहून विसरलेली नावं दाखवणारं लिंटर लॅबच्या सगळ्या मशीनवर बसवतोय. तसं असतं तर ते 'एकुण' पहिल्याच दिवशी पिवळं झालं असतं. पण त्यासाठी कोड फंक्शनमध्ये हवा. बाहेर मोकळ्यावर लिहिलेल्या नावाबद्दल ते सहसा काही बोलत नाही.

सी आधी की पायथन आधी, याचं उत्तर सह्यकडांच्या एरियानच्या उदाहरणाने मला मिळालं. एडासारख्या कडक भाषेतही तीन व्हेरिएबल उघडी राहू शकतात, तर नुसती भाषा बदलून माझ्या वर्गाचं काम भागणार नाही. पायथनच ठेवतो. सीमधला १६ बिटचा प्रयोग मात्र एका तासात करून दाखवणार, उणे बिल मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायलाच हवं.

तक्त्यातल्या काही ओळी: दूध_लिटर (अपूर्णांक), फॅट_टक्के (अपूर्णांक), दर_पैसे_प्रति_लिटर (पूर्णांक), सभासद_क्रमांक (स्ट्रिंग), एकूण_पैसे (पूर्णांक), उचल_पैसे (पूर्णांक), बिल_दिले_का (हो-नाही).

निशिगंध

सर, मी पण घरी हा प्रोग्राम करून बघतेय. 'एकूण_पैसे' फाइलच्या वर लिहिलंय आणि बेरीज वेगळ्या फंक्शनमध्ये आहे. अधिक-बरोबरचं चिन्ह वापरलं, स्पेलिंग दहा वेळा तपासलं, तरी अनबाउंड लोकल एरर येतो. नाव तर वर आहे.

सह्यकडा

स्पेलिंगचा दोष नाही. फंक्शनमध्ये कुठेही एखाद्या नावाला किंमत दिली की पायथन ते नाव त्या फंक्शनचं स्वतःचं धरतो, अगदी पहिल्या ओळीपासून. बाहेरचं 'एकूण_पैसे' वेगळं, आतलं वेगळं, आणि आतल्याला अजून किंमत मिळालेली नाही. फंक्शनमध्ये वर 'ग्लोबल एकूण_पैसे' असं जाहीर केलं तर चालेल. पण तसं करू नकोस. उद्या दोन सभासदांची बिलं एका पाठोपाठ काढशील तेव्हा पहिल्याची बेरीज दुसऱ्यात शिल्लक राहील. एकूण_पैसे फंक्शनच्या आतच शून्याने सुरू कर, नोंदींची यादी फंक्शनला दे आणि शेवटी बेरीज परत कर.

निशिगंध

केलं. दोन सभासदांचं बिल वेगवेगळं आलं, आणि वहीतल्या आकड्याशी पैशापर्यंत जुळलं. आता दहा दिवसांत मध्येच दर बदलला तर काय, ते बघतेय. 'दर_पैसे_प्रति_लिटर' एकच ठेवून भागणार नाही, बरोबर?

फोंड्याची_माया

बरोबर. दर त्या दिवसाच्या नोंदीसोबत साठव, म्हणजे प्रत्येक संकलनाच्या ओळीत तारीख, वेळ (सकाळ की संध्याकाळ), दूध_लिटर, फॅट_टक्के आणि लागू झालेला दर. नंतर दरपत्रक बदललं तरी जुनं बिल पुन्हा काढलं की तेच येईल.